खरा क्रिम्सन कोणता?

किंग क्रिम्सन या इंग्लिश बँडचा पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये आला आणि त्याच डिसेंबरात इयन मॅकडोनाल्ड व मायकल जाइल्स यांनी बँड सोडला. पुढच्या वर्षी गायक ग्रेग लेकही गेला. चाहत्यांचा कर्मठ पंथ म्हणतो, बँड तिथेच संपला. पुढची पन्नास वर्षं नुसती पाटी लटकत होती.

दुसऱ्या पंथाच्या मते खरी सुरुवातच १९७२ मध्ये झाली. तेव्हा ‘येस’सारखा भरभराटीतला बँड सोडून ड्रमवादक बिल ब्रुफर्ड आला, बेसवादक-गायक जॉन वेटन आला, डेव्हिड क्रॉस व्हायोलिन घेऊन आला आणि जेमी म्यूर साखळ्या, पत्रे वाजवू लागला. मेलोट्रॉन या कीबोर्डवर जीव टाकणारे पहिल्या पंथाचे लोक याला गोंगाट म्हणतात, दुसऱ्या पंथाचे त्यांना बालबुद्धी म्हणतात. बँडचा १९८१ चा अवतार आवडणाऱ्यांना दोन्ही पंथ पंगतीला घेत नाहीत. ‘आयलंड्स’ हा अल्बम आवडणारा तर बोलतच नाही.

गंमत अशी, की मूळ संचाच्या शपथा घेणाऱ्यांचा मॅकडोनाल्ड १९७४ च्या ‘रेड’ या अल्बमवर पाहुणा म्हणून सॅक्सोफोन वाजवून गेला. शुद्धाशुद्धतेचा विचार त्याला शिवला नसावा. आणि गिटारवादक रॉबर्ट फ्रिप? सगळ्या संचांत टिकलेला हा एकटाच. त्याने २०१४ मध्ये तीन ड्रमवादक थेट पुढच्या रांगेत बसवले.

तेव्हा मंडळी, भांडा खुशाल. फक्त विरुद्ध पक्षाचा एक तरी अल्बम आधी पुरता ऐका.