लोको पायलटचे बाबा

पूर्वी प्रत्येक सोसायटीत अमेरिकेतल्या मुलाचा एक बाप असायचा. हल्ली त्याचा भाव उतरला आहे. सध्या चलती आहे ती कर्तबगार लेकीच्या बापाची. आमच्या कल्याणच्या सोसायटीत हे पद काकांकडे आहे. त्यांची लेक रेल्वेत लोको पायलट आहे, हे त्यांना विचारावं लागत नाही. ‘काय काका, उकडतंय नाही?’ एवढं म्हटलं, की ‘इंजिनाच्या केबिनमध्ये बसून बघा!’ असं उत्तर येतं आणि गाडी सुटते.

ही गाडी सर्व स्थानकांवर थांबते. पहिलं स्थानक डोळे. ‘चष्म्याशिवाय सहा बाय सहा नजर लागते म्हटलं. लहानपणी तिला गाजरं कोणी खाऊ घातली?’ दुसरं स्थानक सुरेखा यादव. साताऱ्याच्या या बाई आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. 13 मार्च 2023 रोजी त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली, हे काका अशा थाटात सांगतात, की त्या काकांच्या मावसबहीणच वाटाव्यात. मग येतं कर्जत. ‘बोरघाटाचा चढ कसा? 37 फूट पुढे गेलात, की एक फूट वर! मागून बँकर इंजिनं लावून गाड्या ढकलाव्या लागतात.’ लोणावळा येईपर्यंत ऐकणाऱ्याला उतरता येत नाही.

लेक मालगाडीवर. ड्यूटीचा कॉल रात्री-अपरात्री येतो, म्हणून ती दिवसा झोपते आणि काका जिन्यात पहारा देतात. मिक्सर बंद, भंगारवाला गेटबाहेर, कुकरला मनाई. त्या घरात शिट्टी वाजवायचा हक्क एकाच व्यक्तीला आहे.

इंजिनात सिग्नल दिसला, की चालक आणि सहायक तो एकमेकांना मोठ्यानं सांगतात. काकांनी हा नियम स्कूटरला लावला. चौकात ते हात उंचावून ‘सिग्नल हिरवा!’ असं ओरडतात आणि मागून काकूंनी ‘सिग्नल हिरवा!’ म्हटल्याशिवाय स्कूटर हलत नाही. त्यामागचे रिक्षावाले जे म्हणतात, ते रेल्वेच्या नियमावलीत नाही.

‘मी म्हणजे तिचा बँकर,’ काका परवा सांगत होते, ‘मागून ढकललं म्हणून पोरगी घाट चढली.’

काकू मेथी निवडत होत्या. ‘इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून तिनं रेल्वेचा फॉर्म भरला, तेव्हा आठवडाभर अबोला कोणी धरला होता? मुलीची जात आणि मालगाडी, लोक काय म्हणतील, असं कोण म्हणत होतं?’

काका जराही डगमगले नाहीत. ‘घाटात ब्रेकलाही तेवढंच महत्त्व असतं.’

लेक मात्र मोजकं बोलते. ड्यूटीवर जाताना रेल्वेच्या लॉबीत दारूच्या तपासणीसाठी नळीत फुंकर मारावी लागते, म्हणून खोकल्यानं हैराण झाली तरी औषधाची बाटली उघडत नाही, मिठाच्या पाण्यावर भागवते. तिच्यासमोर काकांची सगळी वाणी ‘डबा घेतलास?’ या दोन शब्दांत आटोपते.

एकदा मात्र त्यांनी धीर केला. ‘मला एकदा इंजिनात बसव की गं. कर्जतपर्यंतच.’

‘परवानगीशिवाय केबिनमध्ये कुणी बसत नाही, बाबा.’

‘अगं, मी बाप आहे तुझा!’

‘म्हणून तर नुसतं नाही म्हटलं. दुसरा कुणी असता तर तक्रार केली असती.’

त्या संध्याकाळी काकांनी सोसायटीतली एकूण एक बेल वाजवली. हातात पेढ्यांचा पुडा. आम्हाला वाटलं, लेकीला बढती मिळाली.

‘छे हो! पोरीनं मला साफ नाही म्हटलं. सख्ख्या बापाला! घ्या, दोन घ्या.’