करंट बघणारे अण्णा

कर्नाटकाच्या सीमेवरल्या आमच्या कोगनोळीत लाइट गेली की घरातला कर्ता पुरुष आधी दारात येऊन समोरच्या घराकडं बघतो. समोरही अंधार असला तर तो निवांत कट्ट्यावर बसतो. समोर ट्यूब जळत असली की त्याचा चेहरा उतरतो, आणि तोवर गल्लीच्या तोंडाशी अण्णा दिसायला लागलेले असतात. हातात पक्कड, खिशात टेस्टर, तोंडात बॅटरी, पायात रबरी चप्पल. ही चप्पल म्हणजे त्यांचा एकमेव विमा.

अण्णा वायरमन नाहीत. लायसनवाले कॉन्ट्रॅक्टर तर नाहीतच. तरुणपणी निपाणीत मोटार वायंडिंगच्या एका दुकानात थोडे महिने काढले, त्या भांडवलावर सगळी गल्ली आजतागायत उजेडात आहे. असे अण्णा सीमाभागातल्या प्रत्येक गावात सापडतात. नाव बदलतं, पक्कड तीच. वीज कंपनीला ते अजून ‘केईबी’च म्हणतात. केईबीचं 1999 साली केपीटीसीएल झालं, 2002 साली हुबळीत हेस्कॉम निघाली, हे त्यांच्या कानावर घालून झालंय. पण 1956 साली राज्य बदललं तेच ज्या घरात अजून कुणी मनावर घेतलेलं नाही, तिथं कंपनीचं नाव बदललेलं कोण मोजतो!

अंधार गावभर असेल तर अण्णांचा तपास थेट राज्याची हद्द ओलांडतो. ते कागलला दिलेल्या बहिणीला फोन लावतात.

“तुमच्याकडं हाय का गं?”

“हाय की!”

“मग आमचाच टीसी उडालाय.”

कागलला महावितरणची वीज, इकडं हेस्कॉमची. तिच्या घरातल्या दिव्याचा आपल्या टीसीशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरशी, काडीचा संबंध नाही, हे अण्णांना पक्कं ठाऊक आहे. पण विचारल्याशिवाय त्यांना राहवत नाही. ‘कागललाबी न्हाई’ असं कळल्यावर कट्ट्यावर जे समाधान पसरतं, ते लाइट आल्यावरही पसरत नाही.

त्यांचा खरा प्रांत म्हणजे एकट्या घराचा अंधार, आणि त्यातही जुनं घर. पांढऱ्या मातीच्या भिंती, वर कौलं, सोप्यात लाकडी बोर्ड, त्यावर काळी गोल बटणं, आणि भिंतीवरून लाकडी पट्टीवर क्लिपांनी ठोकलेली वायर. आजोबांनी ती वायर घेतली ती एक बल्ब आणि एक रेडिओ धरून. आज तीच वायर फ्रीज, मिक्सर, मोटार आणि सुनेची इस्त्री ओढते.

अण्णा आल्या आल्या बोर्डाला हात लावत नाहीत. आधी जबानी होते.

“काय लावलं हुतं?”

“कायच न्हाई ओ अण्णा.”

“कायच न्हाई, मग फ्यूज काय हौसेनं गेला?”

थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग न्हाणीघराच्या बाजूनं आवाज येतो, “रॉड टाकलाता जरा.”

दीड हजार वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर खातो, आणि दिव्यांच्या सर्किटातली फ्यूजची तार पाच अँपिअरची. वर बाकीचा भार धरला की ती वितळणारच, त्यासाठीच तर ती बसवलेली असते. अण्णा हे फार सुंदर समजावून सांगतात. “फ्यूज म्हंजे आपला टोलनाका,” ते फ्यूजची किटकॅट उपसून दाखवत म्हणतात. दाखले गावातलेच असतात. 2021 साली आरटीपीसीआरच्या कागदाशिवाय गाडी पुढं सोडत नव्हते तो हाच कोगनोळीचा नाका, आणि 2022 च्या डिसेंबरात महाराष्ट्रातली पुढारी मंडळी अडवली तोही हाच. “जादा झालं की अडवायचं. नाका उघडा ठेवला तर काय ऱ्हाईल?”

इतकं सांगून झालं की ते तांब्याच्या जुन्या वायरीच्या चार तारा एकत्र पिळतात, किटकॅटमध्ये घट्ट आवळतात आणि म्हणतात, “आता वर्षभर बघायला नगो.”

म्हणजे नाका उघडा!

इथं अण्णांशी माझं जमत नाही. फ्यूज जायचा थांबला की तापायची पाळी भिंतीवरल्या वायरीची, आणि वायर असते लाकडी पट्टीवर. पण सिरीयल चालू असताना हे ऐकून घ्यायला घरात कुणीच तयार नसतं.

न्यूट्रलच्या बाबतीत मात्र मी अण्णांच्या पायाची धूळ मस्तकी लावीन. फ्यूज शाबूत, समोर लाइट, घरात अंधार, आणि टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतोय! नवशिका इथं घाबरतो. ‘डबल करंट आलाय’ म्हणून सांगत सुटतो. अण्णा फक्त म्हणतात, “न्यूट्रल मेलंय.” आणि खरंच, न्यूट्रल सुटलेलं असताना एखादं बटण चालू राहिलं, तर बल्बातून फिरून करंट न्यूट्रलच्या तारेवर उभा राहतो आणि टेस्टर दोन्हीकडं पेटतो. मग अण्णा मेन पाडतात, लाकडी पाटावर उभे राहतात आणि मेनपाशी असलेला जोड सोडतात. तांबं आणि अॅल्युमिनिअम एकमेकांना पिळलेलं, वर काळी टेप, आत सगळं जळून भुगा. तेवढं कापून नीट जोडलं की घर उजळतं. हाच दोष टीसीपाशी झाला तर दोनशे तीसच्या जागी एखाद्याच्या घरात तीनशेच्या वर व्होल्टेज जातं आणि टीव्ही धूर सोडतो. म्हणून मीटरच्या पलीकडं आणि खांबाला अण्णा कधी हात लावत नाहीत. “तिकडं त्यांचं राज्य,” म्हणतात, आणि 1912 ला फोन करायला लावतात.

तरण्या पावसात त्यांचा हंगाम. भिंत ओल धरते, बटण झिणझिण्या देतं, आणि अर्थिंगची तिसरी तार तर या घरांत कधी आलेलीच नसते. असल्या वेळी पूर्वी अण्णांच्या हातात एक हुकमाचं पान होतं: “लिकेज हाय, बिल बघा!” मग कन्नड बिल उलटसुलट धरून ते आकडा दाखवायचे आणि घरधनी घाबरून वायर बदलायला निघायचा. 2023 च्या ऑगस्टपासून कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेचं शून्य बिल यायला लागलं आणि ते पान फुकट गेलं. शून्याला कोण भितो?

पैसे ते घेत नाहीत. चहा घेतात, तोही लाइट आल्यावर.

तुमचं घर जुनं असेल तर दोन गोष्टी करा. अण्णा चहा पीत असतील तोवर किटकॅटमधल्या त्या चार तारा काढून पाच अँपिअरची फ्यूज वायर घाला, आणि उसाचं बिल जमा झालं की लायसनवाला माणूस आणून तीन तारांचं वायरिंग करून घ्या, एमसीबी आणि आरसीसीबीसकट. अण्णा रुसतील म्हणून काळजी करू नका. नवा बोर्ड कसा चुकीच्या भिंतीवर बसवलाय, हे सांगायला ते दुसऱ्या दिवशी सकाळीच येतील.