रिळांचे गोपनीय अहवाल

पेण, पनवेल, अलिबाग या मुलखात नोकरी केलेल्या मुलकी खात्यातील कर्मचाऱ्यास जिताडा हा मासा प्रथम दृष्टीस पडतो तो खाडीत नव्हे, स्वतःच्या ताटातही नव्हे, तर दुसऱ्याच्या घरी जाताना. कारण ज्याचे काम अडले आहे त्याने ज्याच्या हाती सही आहे त्याच्या दारी जिताडा पोचता करावा, ही येथील जुनी वहिवाट असल्याचे सर्वतोमुखी आहे, आणि त्या वहिवाटीत कारकुनाचा अधिकार मासा आत जाईपर्यंत दार उघडून धरण्यापुरताच असतो. मी बरीच वर्षे दारे उघडून धरली. अखेर, जो मासा हुद्द्याने मिळण्याचा संभव नाही तो गळाने मिळवावा, असा संकल्प करून मी रॉड आणि रीळ यांच्या नादी लागलो, आणि आज निवृत्तीनंतर त्या नादात माझ्या हाताखाली चाकरी केलेल्या रिळांचे गोपनीय अहवाल लिहावयास बसलो आहे. हाताखाली माणूस असा मला कधी लाभलाच नाही.

जिताडा म्हणजे बंगाल्यांचा भेटकी, ऑस्ट्रेलियनांचा बारामुंडी आणि इंग्रजी पुस्तकांतला आशियाई सी बास. अमेरिकेत ज्या बास नामक माशावर ग्रंथांची कपाटे भरली आहेत तो गोड्या पाण्यातला, निराळ्या कुळातला. त्याचा विक्रम 1932 साली जॉर्जिया संस्थानात जॉर्ज पेरी या शेतकऱ्याने केला, वजन 22 पौंड 4 औंस, म्हणजे सुमारे 10 किलो, आणि 2009 साली जपानच्या बिवा सरोवरात त्या विक्रमाची बरोबरी झाली तेव्हा केवढा गाजावाजा झाला! आमचा जिताडा त्याहून कितीतरी मोठा होऊ शकतो, तरी त्याचा गाजावाजा पनवेलच्या मासळी बाजारापलीकडे जात नाही. शिवाय हा मासा प्रथम नर म्हणून वयात येतो आणि पुढे काही वर्षांनी मादी होतो, म्हणजे अर्ज, शिफारस किंवा खातेनिहाय परीक्षा यांवाचून ज्यास आपोआप पदोन्नती मिळते असा हा सृष्टीतील एक भाग्यवान कर्मचारी होय. आणि खाडीकाठी छाती फुगवून 'दांडग्या नराशी झुंजलो' असे सांगणारे जे गृहस्थ भेटतात, त्यांची झुंज बहुधा एखाद्या प्रौढ बाईशी झालेली असते.

जिताड्याची बैठक उघाडीच्या तोंडाशी. खारबंदिस्तीच्या बांधाला पाणी आतबाहेर करण्यासाठी जी झडप ठेवलेली असते ती उघाडी; ओहोटी लागली की आतले पाणी तिच्यातून बाहेर पडू लागते, त्याबरोबर कोलंबी आणि बारीक बोय वाहत येते, आणि हे महाशय दगडाच्या आडोशाला तोंड उघडून बसलेले असतात. तेव्हा आमिष बरोबर त्या दगडापाशी पडले पाहिजे, चार हात अलीकडे नव्हे की पलीकडे नव्हे. या अचूकपणासाठीच बेटकास्टिंग रीळ. साध्या रिळात स्पूल स्वस्थ बसतो आणि दोरी त्याच्यावरून सुटत जाते. यात आमिष हवेत असेतोवर स्पूल स्वतः गरगरत असतो, आणि त्याच्यावर ठेवलेल्या अंगठ्याने त्याला आवरावयाचे असते. आमिष वाऱ्याने मंदावले आणि स्पूलास ते कळले नाही, तर सुटलेला तंगूस जाणार कोठे? तो रिळाच्या पोटातच फुगून वर येतो. अशा वेळी काठावर हटकून कोणीतरी उभा असतोच, आणि तो "काय भाऊसाहेब, जितारा गावला काय?" असे विचारतोच. गुंता सोडविण्याची एक युक्ती येथे सांगून ठेवतो: ओढाताण न करता अंगठा गुंत्यावर घट्ट दाबावा, तसाच दाबून हँडलचे एकदोन फेरे फिरवावेत, मग तंगूस हलकेच ओढून पाहावा, बहुतेक फास आपोआप सैल झालेले आढळतात. पावसाळी नैर्ऋत्येचा वारा तोंडावर असेल तर मात्र ही युक्ती सोडून घरी जावे.

हे यंत्र मुळात घड्याळजींचे, ही गोष्ट मला फार उशिरा कळली आणि कळल्यावर बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकी संस्थानातल्या पॅरिस गावी जॉर्ज स्नायडर नावाचा घड्याळजी होता. हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलाचे अनेक फेरे व्हावेत अशी दात्यांची योजना त्याने केली आणि अमेरिकेतील अशा रिळांची परंपरा तेथून धरतात. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस दोरी स्पूलावर डावीउजवीकडे सारखी पसरविणारी सोय कॅलामझू गावच्या विल्यम शेक्सपिअर या गृहस्थाने प्रचारात आणली. त्याने नाटक एकही लिहिले नाही, परंतु माझ्यासारख्या माणसाचे त्याने जे कल्याण केले ते त्याच्या थोर नामबंधूकडून झालेले नाही. स्वीडनमध्ये स्वेंगस्टा गावी 1921 साली निघालेला आबू हा कारखानाही घड्याळांचाच. तो पुढे टॅक्सीचे मीटर करू लागला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मीटरांस गिऱ्हाईक उरेना तेव्हा रिळांकडे वळला. मीटर म्हणून काही वस्तू रिक्षास असते ही ज्या पनवेलकरांना ऐकीव माहिती आहे, त्यांना तो कारखाना बंद कसा पडला नाही याचे आश्चर्य वाटेल. चमत्कार असा की त्याच 1921 साली जपानात साकाई येथे शोझाबुरो शिमानो यांनी सायकलच्या फ्रीव्हीलचा कारखाना काढला, आणि तोही 1970 च्या सुमारास रिळांच्या धंद्यात उतरला. एकाने वेळ मोजली, दुसऱ्याने चाक फिरविले, आणि दोघांची गाठ पनवेलच्या खाडीवर माझ्या पिशवीत पडली.

पहिला अहवाल लाल ॲम्बेसेडरचा. आबूने 1952 साली काढलेले ॲम्बेसेडर 5000 हे ते रीळ. परदेशी वस्तू म्हटली की घरातल्यांनी आवाज खाली करावा अशा त्या दिवसांत, बोटीवर इंजिनखात्यात असलेल्या आमच्या शेजारच्या काकांनी ते आणले आणि पाठदुखीमुळे माझ्या हवाली केले. चामड्याच्या छोट्या पेटीत रीळ, तेलाची कुपी, पाना आणि सुटे भाग. जणू कारखानदाराने 'हे केव्हातरी बिघडेल, तेव्हा तुम्हीच दुरुस्त करा' असा लेखी कबुलीजबाबच सोबत जोडला होता. मला हा प्रामाणिकपणा फार भावला. स्पूलाच्या दांड्यावर दोन इवल्याशा ठोकळ्या असतात. वेग वाढला की त्या बाहेर फेकल्या जाऊन कडेला घासतात आणि स्पूलाला ताळ्यावर आणतात. याहून अधिक देखरेख हे रीळ करीत नाही, उरलेली जबाबदारी अंगठ्याची. शेरा: कामास संथ, वजनास भारी, वर्तणूक निष्कलंक.

त्याचाच धाकटा भाऊ 5500सी. हँडलच्या एका फेऱ्यास स्पूलाचे 4.7 फेरे, बॉल बेअरिंगवर फिरणारा; थोरल्यापेक्षा चपळ, पण त्यामुळेच किंचित उतावळा. शेरा: पदोन्नतीस पात्र, अंगठ्याने लक्ष ठेवावे.

तिसरे रीळ चपट्या घाटाचे आणि अत्याधुनिक. त्याच्या कारखान्याचे नाव घेत नाही. चुंबकाचा ब्रेक, चकतीवर आकडे, आणि हे आकडे जुळविले की गुंता होणारच नाही असे छापील आश्वासन. पहिल्या पावसाळ्यापर्यंत त्याने आश्वासन पाळलेही. पुढे खाडीचा चिखल पोटात गेला, आणि उघडून पाहावे तर कोणता स्क्रू कोठला याची दाद लागेना; दुरुस्तीस टाकले तेथून 'भाग उपलब्ध नाही' असे उत्तर आले, जे मी स्वतः जन्मभर दुसऱ्यांना दिले होते आणि ज्याचा खरा अर्थ मला पूर्ण ठाऊक होता. शेरा: बडतर्फ.

चपट्या घाटावर माझा आकस आहे असे मात्र कोणी समजू नये. शिमानोचे हिरवट रंगाचे जुने कुराडो मुलीने परदेशातून आणले, ते आज माझे रोजच्या वापरातले रीळ आहे. हाताच्या पंज्यात सबंध मावते, आणि संधिवाताने अंगठा कुरकुरतो त्या दिवशी ते माझ्याऐवजी विचार करते.

काठावर माझ्या शेजारी एक वृद्ध आगरी गृहस्थ बसतात. ते रिकाम्या डब्याला तंगूस गुंडाळून गरवतात आणि माझ्यापेक्षा अधिक मासे नेतात. डब्याचा अहवाल मी लिहीत नाही. तो माझ्या आस्थापनेवर नाही.

ॲम्बेसेडरची खरी परीक्षा झाली ती त्याच्या पॉलवरून. पॉल म्हणजे आडव्या मळसूत्राच्या खाचेतून इकडून तिकडे सरकत दोरी पसरविणारा, तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा. खाऱ्या रेतीने तो झिजला आणि दोरी एकाच बाजूस चढू लागली. पेटीतले सुटे भाग केव्हाच संपले होते. शहरातल्या एका वयोवृद्ध घड्याळजीकडे गेलो. त्यांनी भिंग डोळ्यास लावले, झिजलेला पॉल चिमट्यात धरून उजेडाकडे फिरविला, मळसूत्राच्या खाचेत नखाने तो सरकवून पाहिला आणि विचारले, "हे घड्याळ कुठल्या कंपनीचं? काटे कुठं गेले?" मी स्वीडनचा सगळा इतिहास सांगितला, तो त्यांनी ऐकला नाही. संध्याकाळपर्यंत जुन्या पितळेचा तुकडा कानसून त्यांनी नवा पॉल केला, आणि माशाचे यंत्र दुरुस्त केल्याचे घरी समजू नये, आम्ही शाकाहारी, एवढी अट घालून मजुरी नाकारली. तो पितळी पॉल अजून चालतो आहे.

तेव्हा माझा निवाडा असा: जे रीळ गावातला घड्याळजी उघडू शकतो ते विश्वासू, बाकीची हंगामी. नवे घेणाराने चपटे खुशाल घ्यावे, पण दुकानातच त्याची बाजूची झाकणी स्वतः उघडून आणि पुन्हा लावून पाहावी, आणि दुकानदार कपाळास आठ्या घालू लागल्यास दुसरे दुकान गाठावे. खाडीवरून घरी येताच रीळ गोड्या पाण्यात भिजविलेल्या फडक्याने पुसावे, सावलीत वाळवावे, मळसूत्रावर आणि पॉलवर तेलाचा एकेक थेंब सोडावा, आणि ड्रॅगची, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी बेताने सोडणाऱ्या ब्रेकची, चांदणी सैल करूनच ते पेटीत ठेवावे, नाहीतर आतल्या चकत्या एकमेकींस चिकटून बसतात आणि ऐन माशाच्या वेळी झटके देतात. एवढे झाल्यावर मग चहा मागावा. त्याआधी मागितल्यास आमच्या घरी मिळत नाही, इतरत्र काय वहिवाट आहे ते ज्याचे त्याने पाहावे.