ग्राफिक्स ड्रायव्हरसाहेबांस अनावृत पत्र

प्रति,
मा. ग्राफिक्स ड्रायव्हर,
लिनक्स कर्नल, तळमजला.

विषय : १९२० × १०८० चा मॉनिटर १०२४ × ७६८ चा ठरवल्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये अर्जदार नम्रपणे कळवतो, की त्याचा मॉनिटर चांगला ऐसपैस आहे. आपण मात्र त्यावर चौकोनी जमान्यातले चित्र ताणून बसवले आहे. अक्षरे सुजली, वर्तुळे अंडाकृती झाली, आणि सेटिंग्जमधली रिझोल्यूशनची यादी १०२४ × ७६८ वरच संपते.

आपली बाजू अर्जदाराला ठाऊक आहे. मॉनिटरने ओळख सांगायची आणि आपण ती मानायची, हा रिवाज व्हेसा या संघटनेने १९९४ साली ईडीआयडी या नावाने घालून दिला. मूळ ओळखपत्र अवघे १२८ बाइटचे. सगळ्या बाइटांच्या बेरजेला २५६ ने पूर्ण भाग गेला पाहिजे, नाही तर कागद बाद. व्हीजीए केबलमधून तो १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून येतो, आणि काही स्वस्त केबलींमध्ये नेमक्या त्याच तारा गाळलेल्या असतात. चित्र येते, ओळख येत नाही. मग कर्नल जपून १०२४ × ७६८ देतो आणि मोकळा होतो. पेन्शनर समोर धडधाकट उभा, पण हयातीचा दाखला कुठाय?

कागद आला तरी तो खरा असेलच असे नाही. काही टीव्ही स्वतःचे माप १६ × ९ सेंटिमीटर सांगतात. कुणीतरी गुणोत्तराचे आकडे मापाच्या रकान्यात भरून टाकलेले! १३६६ × ७६८ ची गंमत आणखी वेगळी. ईडीआयडीच्या एका नोंदीत रुंदी एकाच बाइटमध्ये बसवायची, म्हणून तिला आठने भाग जावाच लागतो. १३६६ ला जात नाही. मॉनिटर १३६८ लिहून देतो, आणि ते दोन पिक्सेल छाटायला कर्नलमध्ये खास फंक्शन ठेवलेले आहे. चुकार मॉनिटरांची मॉडेलवार यादीही तिथेच, ‘क्वर्क’ या नावाखाली.

म्हणजे लबाडी मॉनिटरची, शिव्या आपल्याला. तरी एक ठपका आपल्यावर राहतोच. बेरीज चुकल्याची तक्रार आपण कर्नलच्या लॉगमध्ये नेऊन पुरता, आणि माणूस इकडे ड्रायव्हर काढतो, घालतो, पुन्हा काढतो.

अर्जदाराने टर्मिनलमध्ये सीव्हीटी या आज्ञेकडून १९२० × १०८० ची मोडलाइन, म्हणजे त्या रिझोल्यूशनच्या मापांची ओळ, मागून घेतली आणि रिझोल्यूशन बदलणाऱ्या एक्सरँडर या आज्ञेच्या गळी उतरवली. चित्र जागेवर आले. रीस्टार्ट करताच पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. वेलँड या नव्या डिस्प्ले व्यवस्थेवर तर ही युक्तीही चालत नाही. तिथे ग्रब या बूटलोडरमधून कर्नललाच रिझोल्यूशन बजवावे लागते, नाही तर धडधाकट ईडीआयडीची फाइल हाती द्यावी लागते.

सबब विनंती, की ओळख वाचता आली नाही तर तसे पडद्यावरच स्पष्ट लिहावे. १०२४ × ७६८ मध्ये तेवढी जागा नक्की आहे.

कळावे,
आपला ताणलेला,
अर्जदार

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी : व्हीजीए केबल, पिन क्र. १२ व १५.