रहिवासाचा पुरावा

परदेशगमनातील मुख्य विघ्न समुद्र होय, अशी आपल्या पूर्वजांची समजूत असल्यामुळे तो ओलांडणाऱ्यासाठी त्यांनी प्रायश्चित्ताची तजवीज करून ठेविली होती. परंतु विद्यार्जनार्थ जर्मनीस निघालेल्या भाच्याचे दस्तऐवज जमविण्याची कामगिरी अंगावर आल्यापासून, समुद्र हाच त्या प्रवासातील सर्वांत निरुपद्रवी भाग असावा, असे माझे मत बनले आहे.

पदव्या खऱ्या असल्याचा दाखला दिल्लीतील जर्मन पडताळणी-कचेरीतून मिळाला, तेव्हा ऐपतीचा प्रश्न निघाला. त्यासाठी वर्षाचे ११,९०४ युरो अशा खात्यात अडकवून ठेवावयाचे, की ज्यातून प्रत्यक्ष मालकासही महिन्याकाठी ९९२ युरोंहून अधिक उचलता येऊ नयेत. एकत्र कुटुंबात वाढलेल्या भाच्याला मात्र स्वतःचा पैसा स्वतःस न मिळण्यात काहीच नवल वाटले नाही. व्हिसाच्या अर्जावरील ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या छायाचित्रात हसण्यास मनाई असते. पण एवढे कागद गोळा केल्यावर मनाईची आवश्यकता उरते कोठे?

खरी परीक्षा तिकडे उतरल्यावर. घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरकचेरीत नोंद करावी, असा कायदा; नोंदीसाठी घरमालकाच्या सहीचे पत्र हवे; घरमालक आधी बँकेतील पत विचारणार, आणि बँक पुष्कळदा नोंदीचा दाखला मागणार. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण सांगणारा गृहस्थ बर्लिनला राहून आला असला पाहिजे. शिवाय ज्या नोंदीला दोन आठवड्यांची मुदत, तिच्यासाठी कचेरीची वेळ मिळावयासच तेथे कित्येकदा त्याहून अधिक काळ लोटतो.

तेथील इमारतींत बहुधा बिऱ्हाडांना क्रमांक नसतात. टपालवाला पेटीवरील नाव पाहून पत्र टाकतो. आपल्या रिवाजाने भाच्याच्या नावापुढे लागलेले वडिलांचे नाव पारपत्राच्या आधारे तिकडे त्याचेच दुसरे नाव ठरले, आणि जे नाव उच्चारण्यास आमची ताई उखाण्याखेरीज उभ्या जन्मात धजावली नाही, ते सरकारी लिफाफ्यांवर बिनदिक्कत अवतरू लागले.

अखेर नोंद झाली, आणि पाठोपाठ पहिले पत्र आले ते नभोवाणी-दूरदर्शनच्या वर्गणीचे! दरमहा १८.३६ युरो, दर बिऱ्हाडामागे, मग घरात रेडिओ असो वा नसो. घाबऱ्याघुबऱ्या भाच्याने त्याची प्रत मजकडे धाडली, ताईने डोळ्यांना पदर लावला; परंतु घरपट्टीची पावती हाच रहिवासाचा पुरावा मानणाऱ्या मुलखात माझा जन्म गेलेला असल्यामुळे, एखादे सरकार ज्याच्याकडे वसुलीचा तगादा लावते त्याचे अस्तित्व त्याने निःसंशय मान्य केलेले असते, हे मी जाणून होतो. मी ताईला पेढे आणावयास सांगितले.