‘परत रन कर, होईल पास’

सकाळी बिल्ड लाल. कोड कुणी उघडला? कुणीच नाही. ‘अरे, ती एंड-टू-एंड टेस्ट फ्लेकी आहे. परत रन कर.’ परत रन केली, हिरवी झाली, रिलीज गेलं.

चूक कुठे होती, हे विचारायचं राहूनच गेलं.

एंड-टू-एंड टेस्ट ग्राहकासारखी वागते. ब्राउझर उघडते, लॉगिन करते, कार्ट भरते, पैसे देते. खऱ्या ग्राहकाला पैसे भरायचं बटण सापडलं नाही तर तो ‘परत रन’ करत बसेल?

तो दुसऱ्या दुकानात जाईल.

जरा गणित मांडा. 300 टेस्ट, प्रत्येक हजारात 995 वेळा बरोबर. ऐकायला झकास. पण सगळ्या एकदम पास होण्याची शक्यता जेमतेम 22 टक्के. म्हणजे कोड ठणठणीत असतानाही पाचातल्या जवळपास चार बिल्ड लाल.

मग लाल रंगाला घाबरणार कोण?

गूगलनं 2016 मध्ये स्वतःचेच आकडे मांडले होते. त्यांच्या जवळपास 16 टक्के टेस्ट कमी-अधिक डळमळीत, म्हणजे फ्लेकी, होत्या. म्हणजे हा रोग हुशारीनं टळत नाही, शिस्तीनंच टळतो.

रोगाचं मूळही ठाऊक आहे. 2014 मध्ये संशोधकांनी 51 अपाची प्रकल्पांतल्या अशा टेस्टच्या दुरुस्त्या तपासल्या. सर्वांत मोठं कारण, सुमारे 45 टक्के : उत्तर येण्याची नीट वाट न पाहणं.

आणि आपला उपाय? पाच सेकंदांचा स्लीप. सर्व्हरला सहा लागले की टेस्ट पडते. मग स्लीप दहाचा होतो आणि उत्तर दोनच सेकंदांत येतं.

वाट घड्याळाची नाही, घटनेची पाहायची असते. बटण दिसतंय का, स्थिर आहे का, दाबता येतंय का, हे प्लेराइटसारखं टेस्टिंग टूल क्लिकआधी स्वतःच तपासतं. तरीही स्लीप कशासाठी?

दुसरी चूक : पन्नास टेस्ट आणि टेस्ट युजर एकच. एकीनं कार्ट भरली, दुसरीनं रिकामी केली. प्रत्येक टेस्टला तिचा युजर आणि तिचा डेटा द्या.

‘तिसऱ्या डिव्हमधलं दुसरं बटण’ असा पत्ता देऊ नका. डिझाइनमध्ये एक डिव्ह वाढला की पत्ता चुकतो. बटण त्याच्यावरच्या नावानं शोधा. ग्राहक तरी दुसरं काय करतो?

रीट्राय ठेवा, पण हिशेबासह. दुसऱ्या फेरीत पास झालेली टेस्ट पास नव्हे, तक्रार आहे. सॉफ्टवेअर लेखक मार्टिन फाउलर यांनी 2011 मध्येच सांगितलंय : डळमळीत टेस्ट वेगळ्या काढा आणि लवकर दुरुस्त करा. मुदत न घालता बाजूला काढलेली टेस्ट परत येत नाही.

खोटं बोलणाऱ्या टेस्टपेक्षा नसलेली टेस्ट बरी. निदान ती खोटा धीर देत नाही.

उद्या बिल्ड लाल झाली, तर रीरन दाबण्याआधी एकदा त्या टेस्टचा ट्रेस, म्हणजे पावलापावलाची नोंद, उघडा.