घरबसल्या लेखनगुरू व्हा

बोरिवलीत वन बीएचके आहे, लोकलची गर्दी झेपत नाही आणि तुम्हाला मराठी बरं लिहिता येतं असा घरच्यांचा समज आहे? मग ऑनलाइन लेखनवर्ग काढा. समज चुकीचा असला तरी घाबरू नका, ती अट आता उरलेली नाही.

१. आधी इतिहास सांगा, त्याने फी वाढवता येते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि सात वर्षं जवळजवळ एकहाती लिहिली, असं ठणकावून सांगा. आपला कोर्स सात दिवसांचा आहे, हे ओघात सांगून टाका. तिथून थेट मार्च २०२० च्या लॉकडाऊनवर उडी मारा. मधल्या काळात मास्तर लाल शाईने वह्या तपासत, हे मात्र गाळा. लोक उगाच आशा धरतात.

२. वस्ती बघून माल ठेवा. अंधेरीत पटकथा, मुलुंडला दहावीचे निबंध. घाटकोपरला ‘कंटेंट रायटिंग’ म्हणा; पैसे कधी सुटतील, हे तिथे पहिल्याच दिवशी विचारतात.

३. तास चाळीस मिनिटांचा ठेवा. झूमची फुकट मीटिंग तेवढ्यातच संपते. त्याला ‘एकाग्रतेचं शास्त्र’ म्हणा. निम्मा वेळ ‘आवाज येतोय का?’ यात जाईल. मध्येच कुणाच्या कुकरची शिट्टी झाली, तर ‘पंचेंद्रियांनी लिहा’ हा धडा तिथेच उरकून घ्या.

४. गृहपाठ द्या: ‘पावसाळ्यातील एक दिवस’. विषय शिळा वाटला तर ‘अंधेरी सबवेतील एक दिवस’ करा, पाणी तेच. लिखाण आलं की वाचू नका. सगळ्यांना ‘छान! अजून खुलवा’ आणि हात जोडलेली इमोजी पाठवा. एखाद्या निवृत्त काकांनी रात्र जागून आईवर चार पानं लिहिलेली असतात, बिचारे. वाईट वाटेल, वाटू द्या. नीट वाचून खुणा करायच्या तर एका लेखाला अर्धा तास जातो आणि अख्खी बॅच तोट्यात येते.

५. भविष्याची काळजी सोडा. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. विद्यार्थी त्याच्याकडून लिहून घेतात, तुम्ही त्याच्याकडूनच तपासून घ्या. कुणालाच काही वाचावं लागत नाही.

६. सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र. पीडीएफ.

७. तरीही एखादी चिवट मुलगी विचारेलच, ‘सर, माझं वाक्य नेमकं कुठे चुकलं?’ तिला ‘वैयक्तिक मार्गदर्शना’च्या बॅचकडे वळवा. तिथे तुम्ही खरोखर वाचता. त्या बॅचची फी तिप्पट आहे.